चौघांतली एक खुर्ची रिकामी होते तेव्हा

अर्धासूर (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय जरा आडवाटेचा आहे, पण पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणारे इथे चार-पाच जण तरी आहेत. तेवढे आले तरी पुरे.

मागच्या आठवड्यात अमाडेउस क्वार्टेटचं शूबर्ट लावलं होतं. (क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो अशी चौकडी; तिच्यासाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात. व्हायोला हे व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य.) ऐकता ऐकता त्यांच्याबद्दल वाचायला घेतलं आणि एका ओळीपाशी अडकलो. १९८७ मध्ये त्यांचे व्हायोलावादक पीटर शिडलॉफ वारले आणि उरलेल्या तिघांनी क्वार्टेट तिथेच बंद केलं. नवा माणूस शोधला नाही, नाव चालू ठेवलं नाही. चाळीस वर्षांचा संसार एका माणसाबरोबर संपला.

ह्या चौघांची सुरुवातच विलक्षण आहे. ब्रेनिन, निसल आणि शिडलॉफ हे तिघे व्हिएन्नातून जीव वाचवून ब्रिटनमध्ये आलेले ज्यू तरुण. ब्रिटिश सरकारने त्यांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून छावणीत डांबलं, आणि ओळखी झाल्या त्या तिथे. बाहेर आल्यावर तिघेही मॅक्स रोस्टाल यांच्याकडे शिकले. तिघेही व्हायोलिनवाले! चौथे मार्टिन लव्हेट चेलोवर. तीन व्हायोलिनं आणि एक चेलो अशा संचात हायडन-बेटहोफनचं क्वार्टेट वाजत नाही, तेव्हा एकाला व्हायोला उचलणं भाग होतं. तो शिडलॉफ यांनी उचलला. जानेवारी १९४८ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये 'अमाडेउस' ह्या नावाने पहिली मैफल झाली. म्हणजे ज्याने सगळ्यांच्या सोयीसाठी आपलं वाद्य बदललं, नेमका तोच गेल्यावर बाकीच्यांना पुढे जाववेना.

आता ह्याच्या अगदी उलट टोक बघा. बुडापेस्ट क्वार्टेट १९१७ मध्ये हंगेरीतल्या वादकांनी काढलं. एकेक जण गळत गेला, त्याच्या जागी एकेक रशियन येत गेला, आणि १९३६ पर्यंत चारही रशियन! नाव मात्र बुडापेस्टच. त्यावरून एक विनोद प्रसिद्ध आहे: एक रशियन म्हणजे अराजकवादी, दोन म्हणजे बुद्धिबळाचा डाव, तीन म्हणजे क्रांती आणि चार म्हणजे बुडापेस्ट क्वार्टेट. पण गंमत अशी की आज आपण 'बुडापेस्ट' म्हणून ज्याचं कौतुक करतो ते ह्याच चौघांचं वादन आहे. मूळ हंगेरियनांची नावं माझ्याही जिभेवर नाहीत.

मग माझा प्रश्न असा, की ह्या लोकांचं 'करिअर' नेमकं कुणाचं असतं? एकल वादकाचं सोपं आहे, माणूस तेच नाव. ऑर्केस्ट्रात पद असतं, पद रिकामं झालं की ऑडिशन होते, दुसरा येतो. क्वार्टेट ह्या दोन्हींत बसत नाही. ते थोडंसं लग्न, थोडासा धंदा आणि थोडीशी सैन्यातली तुकडी आहे. चांगलं वाजवायला तर ह्या पातळीवर सगळ्यांनाच येतं. खुर्ची रिकामी झाली की मगच कळतं, आत काय होतं ते.

तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या आवडीच्या मंडळींचं काय झालं, तेही सांगा.

खर्जातला

उत्तम धागा! चेलोवाल्यांच्या वतीने हजेरी लावतो.

ग्वार्नेरी क्वार्टेट राहिलं की राव. १९६४ साली अमेरिकेतल्या मार्लबोरो संगीत महोत्सवात जमलेले चौघे: स्टाइनहार्ट, डॅली, ट्री आणि चेलोवर डेव्हिड सॉयर. २००१ पर्यंत एकही माणूस बदलला नाही. सदतीस वर्षं! मग सॉयर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर बसले पीटर वायली, सॉयर यांचेच शिष्य. २००९ मध्ये सगळ्यांनी मिळून थांबायचं ठरवलं.

मला ही पद्धत सगळ्यात शहाणपणाची वाटते. गुरूने खुर्ची सोडावी आणि शिष्याने बसावं. आवाजाची जातकुळी तीच राहते आणि बाकीच्या तिघांना चाळीस वर्षांच्या सवयी नव्याने शिकवाव्या लागत नाहीत.

पानउलट्या

@खर्जातला, वायलींचं नाव काढलंत म्हणून सांगतो. ह्या माणसाला दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचा सराव आधीपासूनच होता! विशीतच सिनसिनाटी सिम्फनीत मुख्य चेलिस्ट झाले. पुढे १९८७ मध्ये बोझार ट्रिओमध्ये (पियानो, व्हायोलिन, चेलो असं त्रिकूट) बर्नार्ड ग्रीनहाउस यांची जागा घेतली. ग्रीनहाउस तिथे पहिल्या दिवसापासून होते, बत्तीस वर्षं. अशा माणसानंतर बसायचं म्हणजे श्रोते पहिले दोन सीझन तुम्हाला ऐकतच नाहीत, आधीच्याला शोधत असतात.

आणि ट्रिओचा विषय निघालाच आहे तर, अर्धासूर, तुमचा सिद्धान्त ट्रिओला तितका लागू पडत नाही असं माझं म्हणणं. बोझार ट्रिओ १९५५ ते २००८. पियानोवर कायम मेनाहेम प्रेसलर. व्हायोलिनवर पाच जण आणि चेलोवर तीन जण होऊन गेले. पहिले व्हायोलिनवादक दानिएल गिले हे कंडक्टर तोस्कानिनींच्या एनबीसी ऑर्केस्ट्राचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनवाल्यांचे प्रमुख होते. त्यांच्यानंतर १९६८ मध्ये इसिडोर कोहेन आले, ते त्याआधी ज्युलियार्ड क्वार्टेटमध्ये सेकंड व्हायोलिन वाजवायचे. इतके बदल होऊनही बोझार म्हटलं की ओळखू येणारा तो पियानोचा स्वच्छ, मोत्यासारखा स्पर्श तसाच. तिथे नाव आणि माणूस एकच होता म्हणा ना.

ट्रिओ बंद पडला तेव्हा प्रेसलर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. दुसरा कुणी घरी बसला असता. हे एकल वादक म्हणून पुन्हा बाहेर पडले आणि नव्वदी ओलांडल्यावर बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा वाजवलं. पहिल्यांदा! २०२३ मध्ये ते गेले, शंभरीला काही महिने उरले असताना.

मधलीतार

मी हौशी व्हायोलावाली. मैफलीत लोकांना माझं वाद्य दिसतं, ऐकू येत नाही. त्यामुळे ह्या धाग्यावर न बोलून कसं चालेल?

अर्धासूर, तुम्ही खुर्ची म्हणता, पण चारही खुर्च्या सारख्या नसतात. फर्स्ट व्हायोलिन बदललं की सगळ्यांना कळतं. चेलो बदलला तर जाणकारांना कळतं. आम्ही मधले दोघं बदललो तर फक्त उरलेल्या तिघांना कळतं, पण त्यांना ते फार जोरात कळतं.

एक उदाहरण देते. बेटहोफनच्या ओपस ५९ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) मधलं पहिलं क्वार्टेट. सुरुवातीला सूर चेलोकडे, आणि सेकंड व्हायोलिन व व्हायोला एकच एक ठोका धरून बसलेले. कागदावर बघितलं तर काहीच नाही, लहान मूलही वाजवेल. आमच्या चौकडीने ह्या पहिल्या काही ओळींवर एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. बो (गज) मुठीकडे ठेवायचा की मध्यावर? तारेवरून उचलायचा की चिकटून राहायचं? आमच्या सेकंड व्हायोलिनवाल्या काकांचं म्हणणं, ठोका जरा पुढे ढकलत राहू दे, नाहीतर चेलो बसून जातो. चेलोवाला म्हणतो, मला ढकलू नका, मी गातोय. शेवटी मी पेन्सिलने माझ्या पार्टवर लिहिलं: 'काकांचा श्वास बघ.' काका वाक्य संपताना खांदा किंचित उचलतात. तो खांदा दिसला की मला पुढचा ठोका कुठे पडणार ते आधीच कळतं.

आता काकांच्या जागी दुसरा, त्यांच्याहून दसपट चांगला वादक आणून बसवा. त्याचा खांदा हलत नाही! माझी सहा वर्षांची शिकवणी पाण्यात. हौशी लोकांची ही तऱ्हा, तर वर्षाला शंभर मैफली करणाऱ्यांचं काय होत असेल?

आणि हो, मधल्या खुर्चीत बसणारा म्हणजे दुय्यम, हा गैरसमज काढून टाका. एमर्सन क्वार्टेटमध्ये ड्रकर आणि सेट्झर हे दोघे सुरुवातीपासून फर्स्ट-सेकंड आलटून पालटून वाजवत. बुडापेस्टचे सेकंड व्हायोलिन अलेक्झांडर श्नायडर १९४४ मध्ये बाहेर पडले. मधल्या काळात त्यांनी थोर चेलोवादक कासाल्सना एकांतवासातून बाहेर काढून १९५० चा फ्रान्समधल्या प्राड गावचा बाख महोत्सव उभा केला आणि मग पुन्हा येऊन त्याच सेकंडच्या खुर्चीत बसले. ह्याला म्हणतात करिअर.

हिशेबवही

सगळे भावनेत वाहून चाललेत, मी जरा रोकड्या गोष्टी बोलतो.

एकल पियानिस्टला मानधन मिळतं ते त्याचं. क्वार्टेटला मिळतं त्यातून एजंटचं कमिशन वजा, प्रवास वजा, हॉटेलच्या चार खोल्या वजा, आणि उरेल त्याचे चार वाटे. विमानाची तिकिटं पाच, कारण चेलोला स्वतःची सीट लागते. बरं, सभागृहं लहान. विगमोर हॉल म्हणजे ह्या दुनियेची पंढरी, तिथे सीटा साडेपाचशेच्या आसपास. सगळी विकली तरी किती येणार? मोठा हॉल घ्यावा तर मागच्या रांगेत आवाज पातळ होऊन पोचतो. हे संगीत खोलीसाठीच लिहिलेलं आहे.

म्हणून ह्यातल्या जवळपास प्रत्येक नामवंत गटाच्या मागे एखादी संस्था उभी असते. ज्युलियार्ड क्वार्टेट १९४६ मध्ये निघालं तेच मुळी विल्यम शूमन ह्या ज्युलियार्डच्या अध्यक्षांच्या पुढाकाराने. रॉबर्ट मान तिथे फर्स्ट व्हायोलिनवर ५१ वर्षं होते. टाकाच क्वार्टेट बुडापेस्टमधून उठून कोलोरॅडो विद्यापीठात गेलं, एमर्सन स्टोनी ब्रूकला शिकवायचं, अमाडेउस कोलोनला. तुमचे प्रेसलरही १९५५ पासून इंडियाना विद्यापीठात होते. म्हणजे ट्रिओ आणि नोकरी एकाच वर्षी! मैफलीने नाव होतं, घर चालतं ते मास्तरकीवर.

वाद्यांचंही तेच. शिडलॉफ ज्या व्हायोलावर वाजवायचे तो स्ट्राडिव्हारीचा १७१९ चा 'मॅकडोनाल्ड'. २०१४ मध्ये तो विकायला काढला तेव्हा किमान साडेचार कोटी डॉलरची बोली मागितली होती, घ्यायला कुणी आलं नाही. कुठला वादक असं वाद्य पगारातून घेणार? त्यामुळे बरीच मंडळी प्रतिष्ठानांनी वापरायला दिलेल्या वाद्यांवर वाजवतात. पागानिनीच्या मालकीची चार स्ट्राडिव्हारी वाद्यं एकत्र आहेत, ती एका जपानी प्रतिष्ठानाकडे आहेत. तोक्यो क्वार्टेटने ती १९९५ पासून २०१३ मध्ये थांबेपर्यंत वाजवली, मग पुढच्यांकडे गेली. खुर्चीसारखं वाद्यही रिकामं होतं, अर्धासूर!

बुडापेस्टचं तर सगळं आयुष्यच वाद्यांमुळे मार्गी लागलं. गर्ट्रूड व्हिटल नावाच्या बाईंनी १९३५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला स्ट्राडिव्हारी वाद्यं दान केली. वाद्यं ग्रंथालयाबाहेर न्यायची नाहीत, पण वाजती तर राहिली पाहिजेत. मग वाजवणाऱ्यांनाच तिथे आणलं. बुडापेस्ट क्वार्टेट १९६२ पर्यंत तिथलं निवासी क्वार्टेट होतं.

खर्जातला

@हिशेबवही, एमर्सनवाल्यांनी ह्यातून वेगळी वाट काढली. सॅम्युएल झिगमुंटोविच ह्या हयात कारागिराची वाद्यं घेतली. तीनशे वर्षं जुनं लाकूडच गातं असं मानणाऱ्यांना ती रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकवावीत. नऊ ग्रॅमी काय उगाच मिळाले?

उलटतपासणी

माफ करा, पण मला हा सगळा धागा जरा गोडगोड वाटतोय. 'लग्न', 'संसार', 'गुरू-शिष्य'. वास्तवात हा भागीदारीचा धंदा आहे आणि भागीदारी फुटते तशी क्वार्टेटंही फुटतात.

ऑड्युबन क्वार्टेटचं प्रकरण आठवतंय का कुणाला? २००० साली तिघांनी मिळून फर्स्ट व्हायोलिनवादकाला काढून टाकलं. त्याने दावा लावला. आपण चौघे मित्र मिळून वाजवतो एवढंच नातं आहे अशी बाकीच्यांची समजूत, पण न्यायालयाने ह्या गटाची धंदा म्हणून किंमत काढली आणि त्याला सहा लाख डॉलरच्या वर रक्कम द्यायला सांगितली. तिघांवर दिवाळखोरीची वेळ आली, वाद्यांवर टाच येण्यापर्यंत गोष्ट गेली. चेलोवाल्याचा चेलो काढून घेणं म्हणजे काय, ते @खर्जातला सांगतील.

त्यामुळे तरुण वादकांना माझा सल्ला एकच. पहिल्या रिहर्सलच्या आधी कागद करा. नाव कुणाचं, कुणी बाहेर पडला तर त्याला काय मिळणार, रेकॉर्डिंगचे पैसे कसे वाटायचे, एकाला काढायला किती मतं लागतात. चार ही संख्या मतदानाला फार वाईट. दोन-दोन झाले की पुढे काय?

आणि दुसरं म्हणजे, ऑर्केस्ट्रातली मुख्य खुर्ची ह्याहून सुखाची. महिन्याचा पगार, पेन्शन, रात्री घरी. बहुतेक शहाणी माणसं तेच करतात.

अर्धासूर

@उलटतपासणी, कागद करावा हे मान्य. ऑड्युबनचं वाचलं होतं, वाईटच झालं सगळ्यांचं.

पण 'शहाणी माणसं तेच करतात' ह्यावर एक नाव ठेवतो. जेराल्डिन वॉल्थर. सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीत २९ वर्षं मुख्य व्हायोला. तुम्ही म्हणता तशी सुखाची खुर्ची. २००५ मध्ये ती सोडून टाकाच क्वार्टेटमध्ये गेल्या आणि पुढे पंधरा वर्षं तिथे होत्या. निवृत्तीचे वेध लागायच्या वयात हा उद्योग! पगार-पेन्शनचं गणित त्यांना येत नव्हतं असं थोडंच आहे?

टाकाचचीच पुढची गंमत म्हणजे ज्यांच्या नावावरून क्वार्टेट ओळखलं जातं ते गाबोर टाकाच-नाज १९९३ मध्येच बाहेर पडले. १९७५ मध्ये चार हंगेरियन विद्यार्थ्यांनी काढलेल्या गटात एडवर्ड डुसिनबेअर हा विद्यार्थिदशेतून नुकता बाहेर पडलेला इंग्रज पोरगा आला, तोही फर्स्ट व्हायोलिनवर. बाकीचे तिघे अठरा वर्षं एकत्र, आपापसांत हंगेरियन बोलणारे. त्यातून लगेच व्हायोलावादक गाबोर ओर्माई यांना कॅन्सर झाला आणि १९९५ मध्ये ते गेले. दोन वर्षांत दोन खुर्च्या. मला वाटलं असतं, संपलं. पण त्यानंतरचं त्यांचं बेटहोफन ऐका! ग्रॅमी मिळालं ते ह्या नव्या संचालाच.

म्हणजे माझाच सिद्धान्त मला पुरता लागू करता येत नाहीये, हे कबूल.

स्वरलिपी

इतका वेळ वाचत होते. सगळी चर्चा खुर्ची रिकामी होण्याची चालली आहे. ज्यांना खुर्चीच दिली जात नव्हती त्यांचे काय?

रिबेका क्लार्क. वडिलांनी घराबाहेर काढल्यावर व्हायोला वाजवून पोट भरू लागल्या. कंडक्टर हेन्री वुड यांनी लंडनच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा स्त्रिया घेतल्या, त्या मोजक्या जणींत ह्या होत्या. पण त्यांचे खरे करिअर झाले ते चेंबर म्युझिकमध्ये, म्हणजे अशा मोजक्या वादकांच्या संगीतात, बऱ्याचदा स्त्रियांनीच काढलेल्या गटांत. बंद दाराशी ताटकळत बसण्यापेक्षा चौघींनी आपले दार बांधले.

१९१९ मध्ये एलिझाबेथ स्प्राग कूलिज यांच्या स्पर्धेत क्लार्क यांनी स्वतःच्या व्हायोला सोनाटाची प्रवेशिका पाठवली. रचनाकारांची नावे परीक्षकांना सांगितलेली नव्हती. शेवटी दोन कृतींत बरोबरी झाली आणि कूलिजबाईंनी निर्णायक मत देऊन एर्नेस्ट ब्लोख यांना पहिले केले. दुसरे नाव उघडले तर ते बाईचे! हे एका स्त्रीने लिहिले असेल यावर अनेकांचा विश्वास बसेना. 'रिबेका क्लार्क' हे कुणाचे तरी टोपणनाव असावे, अशीही कुजबूज झाली. आज व्हायोलाच्या विद्यार्थ्यांना ती सोनाटा टाळताच येत नाही.

मधलीतार

@स्वरलिपी, +१००. ती सोनाटा मी 'वाजवते' म्हणायला धजत नाही, तिच्याशी झटापट करते एवढंच. सुरुवातीची ती ललकारी आली की मात्र व्हायोलावर केलेले सगळे विनोद मी माफ करते.

पानउलट्या

आजारपणावरून आल्बान बेर्ग क्वार्टेट आठवलं. व्हायोलावादक टोमास काकुष्का २००५ मध्ये गेले. त्यांची विद्यार्थिनी इझाबेल कारिझियस हिने जागा घेतली. खर्जातला म्हणतात तीच गुरू-शिष्य पद्धत. तरीही २००८ मध्ये त्यांनी थांबायचं ठरवलं. वादनात खोट होती म्हणून नव्हे, उलट ती मुलगी फार सुंदर वाजवायची. कदाचित अर्धासूर म्हणतात तेच असेल.

आणि दुसऱ्या बाजूला बोरोदिन क्वार्टेट. १९४५ मध्ये मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीतल्या पोरांनी काढलं. पहिला चेलोवादक कोण होता माहीत आहे? रोस्त्रोपोविच! काही आठवड्यांतच ते बाहेर पडले आणि जागा घेतली वालेंटिन बर्लिन्स्की यांनी. ते बसले ते २००७ पर्यंत. बासष्ट वर्षं! मधे बाकीचे किती आले-गेले, फर्स्ट व्हायोलिनवाले दुबिन्स्की तर १९७६ मध्ये देश सोडून गेले. बर्लिन्स्की जागचे हलले नाहीत. शोस्ताकोविचसमोर बसून त्याचीच क्वार्टेटं वाजवलेला माणूस तो. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हे कुठून आलं, ते सांगणारं एक जण तिथे कायम होतं.

खर्जातला

म्हणजे चेलोवाल्यांवरच सगळं उभं असतं. मी काही म्हणत नाही, इतिहास म्हणतो. 😄

हिशेबवही

ज्यांना जुन्या चौकटीत शिरायचंच नव्हतं अशांपैकी क्रोनोस क्वार्टेटचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून थोडक्यात. डेव्हिड हॅरिंग्टन यांनी व्हिएतनाम युद्धाच्या सावलीतलं जॉर्ज क्रम्बचं 'ब्लॅक एंजल्स' रेडिओवर ऐकलं आणि १९७३ मध्ये क्वार्टेट काढलं. त्या कृतीत वादकांना काचेच्या पेल्यांवर बो फिरवावा लागतो, आकडे ओरडावे लागतात. मोझार्ट-हायडनच्या शर्यतीत उतरायचंच नाही, नवं लिहून घ्यायचं, हा त्यांचा धंद्याचा पाया. हजाराच्या वर कृती त्यांच्यासाठी लिहिल्या गेल्या. व्हायोलिनवादक शेरबा आणि व्हायोलावादक डट हे दोघे २०२४ मध्ये एकदमच निवृत्त झाले, ४६ वर्षांनी. हॅरिंग्टन नवे साथीदार घेऊन पुढे चालले.

@उलटतपासणी, भागीदारीच्या भाषेत बोलायचं तर इथे गिऱ्हाईक वादकांचं नसून उपक्रमाचं आहे. त्यामुळे खुर्ची भरणं जरा सोपं जात असावं. तरुणांना सल्ला द्यायचा तर मी हा देईन, की शंभर गट जे वाजवतात तेच वाजवून एकशे एकावा होण्यापेक्षा तुमच्यासाठी कोण लिहिणार ते आधी बघा.

उलटतपासणी

हे पटलं. मात्र कागद कराच.

नवखाकान

मी ह्यातलं काहीच ऐकलेलं नाही, पण धागा एका बैठकीत वाचून काढला. सुरुवात कुठून करू? आणि चार वाद्यांतलं कुठलं कोणतं ते कसं ओळखायचं?

अर्धासूर

@नवखाकान, स्वागत! मधलीतार यांनी सांगितलेलं ओपस ५९ चं पहिलंच घ्या. पहिली ओळ चेलोची, मग तोच सूर फर्स्ट व्हायोलिन उचलतं. ही देवघेव कळली की निम्मं काम झालं. दुसऱ्यांदा ऐकताना सूर सोडून द्या आणि फक्त मधला ठोका ऐका. दुसऱ्या मुव्हमेंटच्या सुरुवातीला चेलो एकच स्वर ठोकत बसतो. त्या काळचा नामांकित चेलोवादक रोम्बेर्ग ह्याने तो पार्ट बघून चिडून पायाखाली तुडवला, असं सांगतात.

ग्वार्नेरीचं ऐका आणि लगेच टाकाचचं ऐका. स्वर तेच, पण घर वेगळं आहे हे कळायला फार जाणकार असावं लागत नाही.

खर्जातला

@मधलीतार, तुमच्या काकांच्या खांद्याची गोष्ट डोक्यातून जात नाहीये. अजून ओपस ५९ च चाललंय का?

मधलीतार

नाही हो. काका चार महिन्यांपूर्वी मुलाकडे राहायला गेले, कायमचे. वर लिहिताना 'उचलतात' असंच लिहून गेले, मोडतोड करावीशी वाटली नाही.

दोन जण येऊन वाजवून गेले. दोघेही काकांपेक्षा स्वच्छ वाजवतात. एकाशी टेम्पो जुळेना, दुसऱ्याशी वेळ. मग आमच्या फर्स्ट व्हायोलिनवालीनेच सुचवलं, की तूर्त कुणाला शोधूच नको, तिघांचंच काहीतरी घेऊ. सध्या मोझार्टचा के ५६३ डिव्हर्टिमेंटो चालू आहे, व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो. सहा मुव्हमेंट्स आहेत, वर्षभर पुरेल. आणि तिघांतच भागवायचं म्हटल्यावर व्हायोलाला इतकं काम दिलंय की लपायला जागाच नाही! पहिल्या दिवशी मला घाम फुटला.

खोलीत खुर्च्या मात्र सवयीने अजून चारच मांडल्या जातात. चौथीवर मी व्हायोलाची केस ठेवते.